पोती तेवढीच, माणसं निम्मी : सांगलीच्या एका हळद पेढीचं प्रकरण

फेब्रुवारी लागला की सांगलीच्या मार्केट यार्डात कपडे झटकले तरी पिवळी धूळ उडते. 1997 पासून मी या यार्डातल्या पेढ्यांचे हिशेब लिहितो. आधी लाल चोपड्यांत लिहायचो, आता टॅलीत. संगणक आला, जीएसटी आला, पण जुने मालक मला अजून ‘दिवाणजी’च म्हणतात. ज्या पेढीची ही हकिगत आहे तिच्या मालकांना मी इथं नुसतं ‘अण्णा’ म्हणणार आहे. यार्डात दर तिसऱ्या दुकानात एक अण्णा बसलेला असतो, त्यामुळं ओळख पटायची धास्ती नाही.

ही पेढी निवडायचं कारण साधं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका 1998 साली झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या वर गेली. तेव्हापासून ‘इथं रोजगार का नाही’ या विषयावर मी किती भाषणं ऐकली, याची गणती नाही. उद्योग आणा, विमानतळ करा, कवलापूरच्या धावपट्टीचं काय ते एकदाचं ठरवा. हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं मात्र या पेढीचं हजेरीबुक येतं. मी कामाला लागलो त्या हंगामात त्यात एकोणीस नावं होती. परवाच्या हंगामात आठ होती. आणि पोती? थोडा चढउतार सोडला तर तेवढीच.

पेव

पेढी अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, नावारूपाला आणली. तेव्हा हळद साठवायची ती हरिपूरला, पेवात. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव सांगलीला अगदी चिकटून आहे. तिथली माती अशी घट्ट, की जमिनीत खोल खड्डा घेतला तरी आत ओल धरत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून पाला-पाचटाचं अस्तर. हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. कीड नाही, भुंगा नाही, वीजबिल नाही. वर्ष-दोन वर्षं माल सुखरूप. पेवाच्या पावतीवर व्यवहार व्हायचे, जमिनीखालची हळद जागची न हलता चार मालक बदलायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सांगलीत हळदीचा वायदा चालला, त्यामागं ही मातीतली तिजोरी होती.

एक पेव उघडताना मी समोर उभा होतो. सकाळी तोंड फोडून ठेवलं होतं, तरी दुपारपर्यंत कुणी आत उतरायला तयार नाही. मग एक म्हातारा कंदील घेऊन आला. दोरीला बांधून हळूहळू खाली सोडला. वरून पाच-सहा डोकी वाकून बघतायत. कंदील मध्यावर गेला आणि ज्योत बारीक झाली, विझली. म्हाताऱ्यानं काही न बोलता दोर वर ओढला, बाजूला ठेवला आणि तंबाखू मळायला बसला. तासाभरानं पुन्हा सोडला, तेव्हा तळाशी जाऊन जळत राहिला. “हां, आता माणूस जाईल,” म्हणाला. आत हवा आहे की नाही हे ओळखणं, हे त्याचं काम. त्याचा वेगळा मेहनताना होता आणि माझ्या वहीत त्याचं वेगळं खातं होतं.

हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर पेव म्हणजे कामांची साखळी. यार्डात गाडीतून उतरवणं, ढीग ओतणं, पाखडणं, हळकुंड, गट्टू (गोल गड्डा) आणि कणी वेगळी करणं, भरणं, पोत्याचं तोंड शिवणं, तोलणं, पुन्हा गाडीत चढवणं, हरिपूरला उतरवणं, पेवात ओतणं. भाव आला की हेच सगळं उलट्या क्रमानं. एका पोत्याला कितीतरी हात लागायचे आणि प्रत्येक हाताला काहीतरी मिळायचं. भरपूर नव्हे, हेही सांगून ठेवतो. त्या दिवसांबद्दल गळा काढणारे लोक पाठीवर पोतं घेतलेले नसतात.

2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. त्या मातीची सगळी पुण्याई एका आठवड्यात संपली. भिजलेली हळद बाहेर काढली तेव्हा गावभर आंबूस वास होता. अण्णांची दोन पेवं गेली. ती पुन्हा भरली नाहीत. त्यांचीच नव्हे, बहुतेकांची.

थंड गोदाम

त्यानंतर माल कोल्ड स्टोरेजकडं वळला. तासगावचा बेदाणा आधीपासून तिथं जात होता, त्याच्या शेजारी हळद जाऊन बसली. कुपवाडला, तासगाव भागात शीतगृहं वाढली. ही सुधारणाच आहे, मी तिच्या विरोधात नाही. मालाचा रंग टिकतो, पावतीवर बँक कर्ज देते, पुराची भीती गेली. पण साखळीतल्या मधल्या कड्या गळाल्या. इलेक्ट्रॉनिक काटा आला, तोलाईदारांपुढचं काम घटलं. पाखडणी, वर्गवारीला यंत्रं आली. शीतगृहातून माल परस्पर ट्रकमध्ये भरून गुजरातला किंवा दिल्लीला निघतो, यार्डाचं तोंडही बघत नाही. कंदीलवाल्या म्हाताऱ्याचं खातं मी 2006 च्या पाडव्याला बंद केलं. शिल्लक शून्य.

यात कुणी कुणाला कामावरून काढलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. कारखाना बंद पडला की गेटवर माणसं बसतात, मोर्चा निघतो, पेपरात फोटो येतो. माधवनगरची कापड गिरणी बंद पडली त्याची आठवण लोक अजून काढतात. पेढीवर तसं काही होत नाही. एक हमाल म्हातारा होतो, पोराला आणत नाही. निवडायला येणाऱ्या दहा बायकांतल्या तिघी पुढच्या हंगामाला येत नाहीत, कारण त्यांना निरोपच गेलेला नसतो. बेरोजगारी अशी मुंगीच्या पावलानं आली की तिची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही. माझ्या वहीत झाली, कारण मजुरीची रक्कम पोत्यांच्या मानानं घटत गेलेली मला दिसत होती.

हमालांना निदान माथाडी कायद्याचा आधार आहे. 1969 चा हा कायदा मुंबईतल्या हमालांच्या संघटनेतून आला, आणि ती बांधणारे अण्णासाहेब पाटील आपल्या शेजारच्या, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. हमालीचे दर ठरतात, मंडळाकडं पैसे भरावे लागतात, फंड कापला जातो. निवडणाऱ्या बायकांचं या पेढीत तसं काही नव्हतं. त्यांच्यासाठी वहीत एकच ओळ असायची : ‘निवडणी खर्च’. मीच लिहायचो. त्यात एक अक्का होत्या, मिरजेच्या पूर्व भागातल्या, पंचवीस-तीस वर्षं हळद निवडलेल्या. बोटांच्या पेरांना पिवळा रंग कायमचा बसलेला. बँकेत खातं काढायला गेल्या तेव्हा अंगठा यंत्रावर उमटेना. हळदीनं रेषा घासून गेल्या होत्या. मुलाला सोबत नेऊन तीन खेपा घातल्या तेव्हा काम झालं.

मुलगा

अण्णांचा मुलगा वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झाला. हे कॉलेज 1947 पासून सांगलीत आहे. इथून निघालेले इंजिनिअर पुण्या-मुंबईत, परदेशात कुठंही भेटतात. सांगलीत मात्र शोधावे लागतात. मुलगा 2012 मध्ये पुण्याला गेला, एका वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला, लग्न झालं, फ्लॅट घेतला. शुक्रवारी रात्री आपल्या स्टँडवर उतरणारी आणि रविवारी रात्री परत चढणारी जी पिढी आहे, त्यातला एक. अक्कांचा मुलगाही पुण्याकडंच, चाकणला, ठेकेदाराकडं. मालकाचा आणि मजुराचा पोरगा एकाच लक्झरीतून जातात, एक स्लीपरमध्ये आणि एक मागच्या सीटवर.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलगा घरून काम करायला सांगलीत आला आणि वर्षभर राहिला. पेढी जवळून बघितली. एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाला, “काका, आपण हळद विकतो म्हणजे नक्की काय करतो?”

मी म्हणालो, “घेतो, ठेवतो, विकतो.”

“म्हणजे त्या हळदीला आपण काहीच करत नाही.”

इथून प्रकरणाचा खरा भाग सुरू होतो. त्याचं म्हणणं असं : हळद इथं येते ती सांगलीच्या आसपासची, कर्नाटकातली, मराठवाड्यातली, तेलंगणातली. यार्डात सौदे होऊन ती निघून जाते. पावडर, मसाला, रंगद्रव्य, औषधी अर्क हे सगळं पुढं कुठंतरी होतं. कुरकुमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) आणि ओलिओरेझिन (तिचा दाट अर्क) काढणारा मोठा धंदा केरळात, कोचीच्या आसपास एकवटलेला आहे. आपण पोत्यावर अडत आणि भावातला फरक कमावतो. पोत्यात जी खरी किंमत आहे ती काढायला लागणारी माणसं दुसऱ्या राज्यात पगार घेतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधी 2016 मध्ये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मिळालं. टॅग मिळाला म्हणून सोमवारपासून कुणाचा पगार सुरू होत नाही. सतारीच्या गल्लीत जाऊन विचारा.

त्यानं दळण-प्रकल्प मांडला. कुपवाडच्या पुढं सावळीच्या बाजूला अण्णांची बिगरशेती जागा पडून होती. तिथं साफसफाई, दळण, चाळण, पॅकिंग आणि एक छोटी प्रयोगशाळा. बावीस माणसं, त्यातल्या चौदा बायका, बाराही महिने. बारा महिने चालवता येईल, कारण शीतगृहामुळं माल वर्षभर हाताशी. पेवाच्या काळात हे अवघड होतं, आता सोपं आहे, हा त्याचा मुद्दा मला पटला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 मध्ये आली होती, पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. म्हणजे यंत्रांचा बोजाही थोडा हलका होत होता.

मी या प्रकल्पाच्या हिशेबाचा कागद केला. रात्री जागून केला, कारण मलाही हुरूप आला होता.

कागद कुठं अडला

यंत्रांवर अडला नाही. खेळत्या भांडवलावर अडला. हळद स्वस्त मिळते ती फेब्रुवारी ते मे. वर्षभर दळायचं तर तेव्हाच घेऊन ठेवावी लागते, रोखीनं. पावडर घेणारे दुकानदार आणि मसालेवाले पैसे देणार साठ-नव्वद दिवसांनी. मधली सगळी रक्कम अडकून पडणार, तिच्यावर व्याज. यंत्रांसाठी अनुदान होतं. या अडकलेल्या पैशासाठी नव्हतं. आणि छोटा अन्नप्रक्रिया उद्योग बुडतो तो बहुतेक इथंच.

दुसरी अडचण भावाची. 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढं गेलेली हळद दोन वर्षांत चार-पाच हजारांवर आलेली या यार्डानं बघितली आहे. कच्च्या मालाचा भाव असा हेलकावे खातो तेव्हा पाकिटावर छापलेली किंमत धरून ठेवणं म्हणजे महापुरात होडी बांधून ठेवण्यासारखं.

तिसरी गोष्ट अण्णांच्या मनातली, ती कागदावर नव्हती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. गणपती पेठेतल्या त्यांच्या जुन्या गोदामात मसाल्याचा आणि हळदीचा माल होता, तो भिजला. विमा होता. मी पॉलिसी काढून वाचली तर पूर-वादळाचं कलम वगळलेलं, हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून. कुणी वगळलं? अण्णांनी, माझ्यासमोर, सही करून. मीही तेव्हा गप्प बसलो होतो. त्याआधी त्यांची ठेव ज्या बँकेत होती तिचं दिवाळं वाजलं होतं ते वेगळंच. एवढं झाल्यावर माणूस जमिनीत काही पुरायला कचरतो. माल ट्रकमध्ये घालून पळवता येतो, दळणाचं यंत्र पळवता येत नाही. सावळीला पूर येत नाही हे मी नकाशा काढून सांगितलं. अण्णा म्हणाले, “दिवाणजी, हरिपूरला तरी कुठं येत होता?”

तरी निर्णय लागला तो या तिन्हींमुळं नव्हे. 2022 च्या दिवाळीत बैठक बसली. मुलानं नफ्याचा तक्ता दाखवला. अण्णांनी तो नीट वाचला, बोट ठेवून ठेवून. मग म्हणाले, “बावीस माणसं सांभाळून वर्षाला एवढं? एवढं तर माल दोन महिने जास्त धरला तरी सुटतंय.”

मुलगा म्हणाला, “आणि भाव पडला तर?”

“पडला तर पडला. बावीस घरं माझ्या गळ्यात नाहीत.”

मला त्या वाक्याचा राग आला नाही. त्यात माणुसकी नव्हती असं नाही. ज्याला पगार द्यायचा त्याची चूल आपल्या हातात येते, हे अण्णांना कळत होतं, म्हणूनच ते मागं सरले. व्यापारी माणूस आणि कारखानदार यांच्यातला फरक मला इथं दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानानं पलूसच्या बाजूचा उजाड माळ दिला, 1910 मध्ये तिथं वसाहत उभी राहिली, आणि आजही त्या पट्ट्यात लेथ चालवणारी, ओतकाम जाणणारी घरं सापडतात. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना सुरू केला, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि उत्तर कर्नाटकापासूनचे पेशंट येऊ लागले. आज मिरजेत नर्स, वॉर्डबॉय, लॅब, मेडिकल, लॉज, खानावळी यांवर किती घरं चालतात ते स्टेशन रोडला उभं राहिलं की कळतं. आजारपणाला हंगाम नसतो, त्यामुळं पगारालाही नसतो. सांगलीचं यार्ड या दोन्हींपेक्षा जुन्या वळणाचं : पैसा मोठा, मुक्काम छोटा.

2023

त्या वर्षी जे झालं त्यानं माझा सगळा कागद निकालात काढला. वसंतात जी हळद घेतली तिचा भाव पावसाळ्यात दुपटीवर गेला. अण्णांनी शीतगृहातला माल धरून ठेवला आणि वर गेल्यावर थोडा थोडा सोडला. पेढीनं त्या एका वर्षात जेवढं कमावलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत मिळून नसेल. मी ताळेबंद काढला तेव्हा सवयीनं मजुरीचं खातं शेजारी ठेवलं. ते जागचं हललं नव्हतं. एक माणूस वाढला नव्हता.

अण्णांनी चूक केली असं कुठलाही हिशेबनीस म्हणणार नाही. मुलाचा प्रकल्प त्या वर्षी उभा असता आणि वर्षाचा माल हंगामातच घेऊन ठेवायला पैसा मिळाला नसता, तर कच्च्या मालाच्या भावानं पहिल्याच पावसाळ्यात त्याचं कंबरडं मोडलं असतं. पेढी आपल्या जागी शहाणी होती. पण अशा तीन-चारशे शहाण्या पेढ्या शेजारी शेजारी ठेवल्या की जे शहर तयार होतं, त्यातली पोरं शुक्रवारी येतात आणि रविवारी जातात. ‘उलाढाल कोटींची’ असं वर्तमानपत्रात वाचलं की मी आता आपोआप विचारतो, पोत्याला हात किती लागले?

म्हणून नुसतं ‘उद्योजकांनी पुढं यावं’ हे भाषण मला पोकळ वाटतं. या प्रकरणात पुढं आलेला माणूस होता, शिकलेला, घरची जागा असलेला. त्याला हवं होतं ते दोन गोष्टींत सांगता येईल. हंगामात माल धरायला कमी व्याजाचा पैसा. आणि दहा-वीस छोट्या दळणवाल्यांना मिळून वापरता येईल अशी कीडनाशक-अंश आणि शिसं तपासणारी प्रयोगशाळा, कारण परदेशी किंवा मोठा खरेदीदार आधी तोच अहवाल मागतो आणि एकट्यादुकट्याला ती परवडत नाही. यातलं पहिलं काम एखाद्या धट्ट्याकट्ट्या सहकारी बँकेचं, दुसरं बाजार समितीचं किंवा औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेचं. सहकाराच्या जिल्ह्यात हे अवघड असायला नको होतं. राष्ट्रीय हळद मंडळ 2025 मध्ये तेलंगणातल्या निजामाबादला गेलं, तेव्हा यार्डात चार दिवस चर्चा झाली. आपल्याकडं का नाही, वगैरे. पाचव्या दिवशी सौदे वेळेवर सुरू झाले.

मुलगा पुण्यातच आहे, आता हप्ते निम्म्यावर आलेत म्हणतो. अक्का यायच्या थांबल्या. त्यांची सून कुपवाडला बेदाण्याच्या वॉशिंग-ग्रेडिंगला जाते. ते कामही हंगामीच, पण सावलीत असतं. सावळीची जागा अण्णांनी ट्रकवाल्यांना गाड्या लावायला भाड्यानं दिली. तिथं एक राखणदार आहे, हरिपूरचा. त्याचा आजा पेवात उतरायचा म्हणे, मला नक्की आठवत नाही कुठला ते.

यंदा पाडव्याला वहीपूजनाला गेलो होतो. पेढे वाटून झाल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, “दिवाणजी, पोराचा तो कागद अजून आहे का तुमच्याकडं?” आहे म्हटलं. “असू दे,” म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून सौद्याकडं निघून गेले.